स्पॅम ब्लॅकलिस्ट बंद करताना सगळ्या जगाला ब्लॉक करणं बरोबर आहे का?

दक्षिणवारा

सॉर्ब्स ही स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची (इंटरनेटवरच्या मशीनच्या पत्त्यांची) लिस्ट ५ जून २०२४ ला बंद झाली तेव्हा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांत थोडी हळहळ झाली, थोडा आनंदही झाला (ज्यांचे आयपी त्यात अडकले होते त्यांना), पण मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही वाटली की ती बंद झाल्यामुळे कुणाचं मेल अडकलं नाही. झोन (डीएनएसमधल्या त्यांच्या याद्या) रिकामे केले, विचारलं की "हा आयपी लिस्टमध्ये नाही" एवढंच उत्तर, विषय संपला. याआधी बंद पडलेल्या सगळ्याच लिस्टांनी असं केलेलं नाही, आणि त्यावरच बोलायचंय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या सर्व्हरवर बाहेरून कुणी मेल टाकायला आलं की सर्व्हर त्याचा आयपी उलटा करून लिस्टच्या डोमेनपुढे लावतो आणि डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारतो. म्हणजे २०३.०.११३.४५ आला तर ४५.११३.०.२०३ आणि पुढे लिस्टचं नाव. उत्तर १२७.०.०.२ असं काही आलं तर आयपी लिस्टेड, मेल नाकारायचं. "नाही" असं आलं किंवा काहीच उत्तर आलं नाही तर मेल आत. इतकं साधं आहे, म्हणूनच पॉल व्हिक्सी आणि मंडळींनी १९९७ च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत जगभर पसरली, आणि कुणीही दोन सर्व्हर आणि थोडी बँडविड्थ घेऊन स्वतःची लिस्ट काढू शकला.

आता मुद्दा. डेन्मार्कमधल्या काही स्वयंसेवकांनी २००१ पासून ओआरडीबी चालवली. ओपन रिलेंची लिस्ट, म्हणजे जे सर्व्हर कुणाचंही मेल कुणालाही पोचवून देतात ते. १८ डिसेंबर २००६ ला त्यांनी ती बंद केली. कारणं प्रामाणिकपणे सांगितली होती, की आमच्या लोकांना आता वेळ होत नाही, बरेच दिवस कामच झालेलं नाही, आणि स्पॅमवाले ओपन रिले सोडून दुसरीकडे गेलेत त्यामुळे या लिस्टचा तसा उपयोगही राहिला नाही. आपापल्या सर्व्हरमधून आमचं नाव लगेच काढा, ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेल पहिल्यांदा परतवून पुन्हा पाठवायला लावणं) आणि कंटेंट फिल्टर (मजकूर तपासणारे) वापरा, असंही सांगितलं. इथपर्यंत सगळं उत्तम.

पण लोकांनी नाव काढलं नाही. शेवटी २५ मार्च २००८ ला त्या डोमेनने प्रत्येक आयपीला "लिस्टेड" असं उत्तर द्यायला सुरुवात केली. ज्यांच्या कॉन्फिगमध्ये ती ओळ राहिली होती त्यांचं येणारं सगळं मेल त्या दिवशी बंद.

मला हे पटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट काम केलं त्यांच्याबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून म्हणतोय. लिस्ट चालवणं जितकं जबाबदारीचं काम आहे तितकंच ती नीट मिटवणं. तुमचं काय मत?

गोदाकाठ

छान धागा. मी यातला नाही पण वाचायला आवडलं. एक बाळबोध प्रश्न, आपण सगळे जीमेल वापरतो, मग या लिस्टा बंद झाल्या किंवा वेड्यावाकड्या वागल्या तर आपल्याला काय फरक पडतो? आणि हे लोक फुकट का करत होते मुळात?

सांगलीकर

गोदाकाठ, फरक काय पडतो ते मी सांगतो कारण तो २५ मार्च मी बघितलाय.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचं आयटीचं काम तेव्हा आम्ही नुकतंच घेतलं होतं. मेल सर्व्हर आधीच्या एका व्हेंडरने बसवलेला, एक साधा पीसी, त्यावर सेंडमेल हा मेल प्रोग्राम, कोपऱ्यात कपड्याखाली झाकून ठेवलेला, आणि तो व्हेंडर काम सोडून केव्हाच गेलेला. मार्च एंड म्हणजे तुम्हाला माहितीये काय असतं, सप्लायरची बिलं, बँकेची पत्रं, ऑडिटरचे एकामागून एक मेल, आणि मंगळवारी दुपारनंतर मेल यायचंच थांबलं. जात होतं, येत नव्हतं. आधी आम्हाला वाटलं लाइन गेली, मग वाटलं डिस्क भरली, सगळं तपासून झालं तरी इनबॉक्स तसाच. संध्याकाळी मुंबईच्या एका सप्लायरच्या ऑफिसातून अकाउंट्सच्या बाईंचा फोन आला की तुम्हाला पाठवलेलं मेल परत येतंय, त्यांना इंग्रजी मजकूर वाचून दाखवा म्हटलं तर त्यांनी एकेक शब्द वाचला, त्यात ओआरडीबीचं नाव आणि पुढे लिहिलेलं की ही सेवा १८ डिसेंबर २००६ ला बंद झालीय, कृपया तुमच्या मेल सर्व्हरमधून काढून टाका.

आता बघा, हा निरोप कुणासाठी होता? आमच्यासाठी. आणि पोचला कुणाला? मुंबईतल्या त्या बाईंना, ज्यांना त्यातलं अक्षर कळायचं कारण नाही आणि ज्यांच्या हातात आमचा सर्व्हर नाही. त्यांनी फोन केला म्हणून कळलं. ज्यांनी नाही केला त्यांची मेलं गेली ती गेली.

ओळ काढली, सेंडमेल रीस्टार्ट केला, पाच मिनिटांत मेल सुरू. पण त्या दिवसभरात नाकारलेलं काही परत येत नाही ना. ५५० म्हणजे कायमचा नकार, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्नच करत नाही.

रात्रपाळी

मी दुसरी बाजू मांडतो कारण ती कुणीतरी मांडायला हवी.

मी एका छोट्या इंटरनेट प्रोव्हायडरकडे डीएनएस बघतो, त्यामुळे लिस्ट चालवणाऱ्याच्या डोक्याला काय ताप असेल याची मला कल्पना आहे. ती लिस्ट वापरणाऱ्या कुठल्याही सर्व्हरवर मेल आलं की तो तुम्हाला एक क्वेरी मारतो. लिस्ट बंद केली म्हणून क्वेरी थांबत नाहीत. उलट झोन रिकामा केला की सगळी उत्तरं "नाही" अशी, ती विचारणाऱ्याच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) कमी वेळ राहतात आणि पुन्हा पुन्हा विचारणं सुरूच. म्हणजे तुम्ही काम सोडलंय, लिस्टमध्ये काही नाही, आणि तरी तुमच्या खिशातून बँडविड्थ जातेय, का तर हजारो लोकांनी एक ओळ काढली नाही.

ओआरडीबीने पंधरा महिने वाट बघितली. एएचबीएल या दुसऱ्या लिस्टचंही तेच. २०१४ मध्ये जाहीर केलं की पब्लिक लिस्ट बंद करतोय, काढून टाका, आणि मग १ जानेवारी २०१५ पासून वाइल्डकार्ड लावलं, म्हणजे विचारा काहीही, उत्तर हो. आधी कितीदा तरी सांगून झालं होतं. आता तुम्ही सांगा, सांगून ऐकत नाही, वाट बघून ऐकत नाही, तर त्या माणसाने करायचं काय? फोन वाजल्याशिवाय ॲडमिन जागा होत नाही हे सांगलीकरांच्याच उदाहरणात दिसतंय. वाइल्डकार्ड लागलं आणि त्याच संध्याकाळी ओळ निघाली. नुसती लिस्ट बंद असून ती पंधरा महिन्यांत निघाली नव्हती.

गोदाकाठ, फुकट का करत होते, तर तेव्हा दुसरं कुणी करत नव्हतं म्हणून. २००० च्या आसपास मोठ्या कंपन्यांकडे आजच्यासारखे फिल्टर नव्हते. ज्यांना त्रास व्हायचा तेच रात्री बसून लिस्टा बनवायचे. आणि बदल्यात काय मिळायचं? शिव्या, वकिलाच्या नोटिसा आणि डीडॉस (असंख्य मशीनवरून एकदम मारा करून सर्व्हर बंद पाडणं). न्यूझीलंडमधली ऑर्ब्स २००१ मध्ये कोर्टकज्ज्यांमुळे बंद झाली. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरूसॉफ्ट डीडॉसने बेजार होऊन बंद झाली, पुढच्याच महिन्यात मंकीज डॉट कॉमची लिस्ट, तेच कारण. स्पॅमहॉस टिकली पण तिच्यावर २००६ मध्ये अमेरिकेत एका ईमेल मार्केटिंग कंपनीने १ कोटी १७ लाख डॉलरचा हुकूमनामा मिळवला होता, तो अपिलात कमी होत होत २०११ मध्ये ३ डॉलरवर आला, पण पाच वर्षं ते डोक्यावर टांगलेलं होतंच की. एकट्यादुकट्या स्वयंसेवकाने हे कसं झेलायचं?

ओहायोकर

रात्रपाळी यांच्याशी अर्धा सहमत. त्रास झाला हे खरं. पण ज्यांचे आयपी या लिस्टांत विनाकारण अडकायचे त्यांच्या बाजूनेही बोला ना कुणीतरी. मी इथे येण्याआधी पुण्यात एका छोट्या संस्थेचा सर्व्हर चालवायचो, आमच्या रेंजमध्ये शेजारी कुणाच्या तरी मशीनला व्हायरस लागला की आमचंही मेल परत यायचं. सॉर्ब्सच्या स्पॅम लिस्टमधून निघायला तर एके काळी ५० डॉलर दान केल्याची पावती मागायचे. दान चांगल्या कामाला जात असेल, पण भारतातल्या छोट्या संस्थेने, ज्यांनी स्पॅम पाठवलाच नाही, त्यांनी तेव्हा ५० डॉलर कुठून आणि कसे भरायचे? कार्डावर डॉलर पेमेंट करायचं म्हणजे मंजुरीसाठी फाइल फिरायची.

म्हणून लिस्ट बंद झाल्या की मला वाईट वाटत नाही. मात्र बंद होताना सगळ्यांना ब्लॉक करणं म्हणजे जो अन्याय थोड्यांवर व्हायचा तो सगळ्यांवर करणं. एएचबीएलचं उदाहरण घ्या, स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या डोमेन लिस्टचा नियम आधीपासून येत होता. वापरणाऱ्याने ती लिस्ट स्वतः निवडलेली नव्हती, त्याला नावही माहीत नव्हतं. जानेवारी २०१५ मध्ये ज्यांनी नियम अपडेट केले नव्हते त्यांच्याकडे प्रत्येक मेलला जास्तीचे गुण लागून चांगली पत्रं स्पॅम फोल्डरमध्ये जायला लागली. त्यांना तुम्ही "सांगून ऐकलं नाही" म्हणणार का? त्यांना सांगितलं कुणी होतं?

दक्षिणवारा

ओहायोकर, अगदी हाच मुद्दा. ती ओळ कॉन्फिगमध्ये टाकणारा माणूस आणि ती लिस्ट बंद झाल्याचं वाचणारा माणूस बहुतेक वेळा एक नसतोच. सांगलीकरांकडे आधीचा व्हेंडर होता. कुणाकडे फायरवॉलच्या डब्यात कंपनीनेच लिस्टा भरून दिलेल्या असतात. घोषणा वेबसाइटवर आणि मेलिंग लिस्टवर होते, तिथे जे वाचतात त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळ काढलेली असते.

रात्रपाळी, तुमचा प्रश्न रास्त आहे, करायचं काय. त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. जानेवारी २०१२ मध्ये आरएफसी ६४७१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती लिहून ठेवणारा दस्तऐवज) आला, डीएनएस लिस्ट कशी चालवावी यावर, आणि त्यात बंद कशी करावी यावर वेगळा भाग आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की सगळं इंटरनेट लिस्ट करायचं नाही. त्याऐवजी लिस्टच्या झोनचे नेमसर्व्हर १९२.०.२.० च्या रेंजमध्ये दाखवायचे. ही रेंज (टेस्टनेट) कागदोपत्री उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथे कुठलंही मशीन नाही. टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) मोठा ठेवायचा, आठवडाभर वगैरे. मग होतं काय, की विचारणारा सर्व्हर तिथे क्वेरी पाठवतो, उत्तर येत नाही, टाइमआउट होतो, आणि मेल थोडं उशिरा पण आत येतं. तुमच्या मशीनवर एकही क्वेरी येत नाही, तुमची बँडविड्थ वाचली. आणि समोरच्या ॲडमिनला मेल का रेंगाळतंय हे शोधावंसं वाटतं, लॉग उघडला की तुमचं नाव दिसतं.

एनजेएबीएलने २०१३ मध्ये असंच जाहीर केलं होतं. आधी झोन रिकामे केले, लोकांना वेळ दिला, आणि नंतर नेमसर्व्हर त्या रिकाम्या रेंजकडे वळवणार म्हणून आधीच सांगून ठेवलं. तीही स्वयंसेवकांचीच लिस्ट होती, त्यांच्याकडेही पैसे नव्हते. तेव्हा नाइलाज होता असं मी मानत नाही.

टपालपेटी

मधेच बोलते. वॉचमनने गेटवरून सोसायटीच्या ऑफिसला फोन लावावा आणि ऑफिस रिकामं असावं, तर पाहुण्याला थोडं ताटकळावं लागेल पण तो आत येईल, असंच ना? आणि वाइल्डकार्ड म्हणजे रिकाम्या ऑफिसातला फोन उचलून कुणीतरी प्रत्येकाला चोर म्हणतंय. बरोबर समजले का मी?

दक्षिणवारा

टपालपेटी, हो, बरोबर.

रात्रपाळी

टेस्टनेटची पद्धत मला माहीत आहे. तिचाही त्रास आहे तो सांगतो, मग ठरवा. टाइमआउटमुळे प्रत्येक मेलमागे काही सेकंद कनेक्शन अडकून राहतं. गर्दीच्या सर्व्हरवर एकाच वेळी शेकडो कनेक्शन अशी लटकली की नवीन कनेक्शन घेताच येत नाही, म्हणजे मेल बंद पडल्यासारखंच. वर हा त्रास मोघम असतो, कारण सापडायला दिवस जातात. वाइल्डकार्डमध्ये निदान बाउन्समध्ये कारण लिहून तरी येतं.

सांगलीकर

रात्रपाळी, बाउन्समध्ये कारण लिहून येतं पण ते तिसऱ्याच माणसाला येतं हेच तर मी म्हणतोय. आणि कनेक्शन अडकलं तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आमचं त्या मंगळवारी असं झालं असतं तर बुधवारी सगळं आलं असतं. उशीर झाला असता, नुकसान नाही. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. एका शेतकऱ्याच्या मुलाने नोकरीचा अर्ज त्या दुपारी पाठवला होता, तो परत गेला, त्याने परत पाठवलाच नाही कारण त्याला वाटलं पत्ता चुकलाय. आम्हाला हे नंतर त्याच्या वडिलांकडून कळलं. भरती तोवर झाली होती.

रात्रपाळी

हे वाचून वाईट वाटलं. खरंच. ५५० आणि उशीर यातला फरक मी कमी लेखत होतो, ते मान्य.

पण अजून एक बाजू कुणी बोलत नाहीये. मुद्दाम न करताही वाइल्डकार्ड लागतं. स्पॅमकॉप या लिस्टचं डोमेन ३१ जानेवारी २०२१ ला, रविवारी, एक्सपायर झालं. सिस्कोसारख्या कंपनीच्या हातात असून रिन्यू करायचं राहिलं. डोमेन पार्किंगवर गेलं आणि पार्किंगवाले कुठल्याही नावाला आपल्या जाहिरातीच्या पानाचा आयपी देतात. झालं, जगभरचे सर्व्हर समजले की सगळेच लिस्टेड. २०१८ च्या मे मध्ये स्पॅमकॅनिबलचं असंच. समजा एखाद्या स्वयंसेवकाने लिस्ट चांगुलपणाने बंद केली आणि पुढे पाचसहा वर्षांनी डोमेनचे पैसे भरायचे थांबवले, तर परिणाम तोच. म्हणजे मेलेल्या लिस्टचं डोमेन त्याने जन्मभर पोसायचं का?

ओहायोकर

पार्किंगच्या बाबतीत निदान वापरणाऱ्याला स्वतःला वाचवता येतं. पार्किंगचा आयपी १२७ ने सुरू होत नाही. पोस्टफिक्स या मेल प्रोग्राममध्ये लिस्टच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून १२७.०.०.२ ते ११ अशी उत्तरंच मान्य करायची असं लिहिता येतं. ज्यांनी तसं लिहिलं होतं त्यांना स्पॅमकॉपच्या त्या रविवारी काहीच झालं नाही. ज्यांचं सॉफ्टवेअर कुठलंही उत्तर म्हणजे लिस्टेड असं धरतं ते अडकले.

दक्षिणवारा

हो, पण ओआरडीबीसारखं मुद्दाम १२७.०.०.२ दिलं तर हे चालत नाही, तिथे दुसरी तपासणी लागते. आरएफसी ५७८२ प्रमाणे प्रत्येक आयपी लिस्टने १२७.०.०.२ हा कायम लिस्टेड ठेवायचा आणि १२७.०.०.१ कधीही लिस्ट करायचा नाही. म्हणून रोज एकदा दोन क्वेरी मारायच्या. पहिल्याला उत्तर आलं नाही तर लिस्ट मेलीय किंवा तुम्हाला बंद केलंय. दुसऱ्याला उत्तर आलं तर कुणीतरी सगळं जग लिस्ट केलंय, ताबडतोब ओळ काढा. डिग या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने दोन ओळींची स्क्रिप्ट होते, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाकायची, गडबड झाली की ॲडमिनला एसएमएस. मेलने नको पाठवू, मेलच अडकलेलं असेल.

आणि जो क्वेरी करतो तो स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) वापरतो ना हेही बघा. ८.८.८.८ या गूगलच्या पब्लिक रिझॉल्व्हरवरून स्पॅमहॉसला विचारलं तर ते १२७.२५५.२५५.२५४ देतात, म्हणजे "पब्लिक रिझॉल्व्हरवरून विचारू नका". काही सॉफ्टवेअर तेही लिस्टेड धरतं आणि लोक स्पॅमहॉसला दोष देतात.

डोमेनबद्दल रात्रपाळींचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि आरएफसीतल्या उपायाने तो पूर्ण सुटत नाही. टेस्टनेटकडे वळवलेलं झोनही डोमेन जिवंत असेपर्यंतच. डॉट ओआरजी किंवा डॉट नेट एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. बंद करतानाच १० वर्षांचे पैसे भरून टाकले तर तेवढी मुदत मिळते, तोवर बरेचसे जुने सर्व्हर भंगारात गेलेले असतात. हा खर्च स्वयंसेवकाने का करावा? माझं मत, त्याने करू नये. जी लिस्ट तुम्ही दहा वर्षं फुकट वापरली तिच्यासाठी वापरणाऱ्यांनी वर्गणी काढावी. एका वर्षाचे हजार-दीड हजार रुपये होतात, आपल्याकडचा कुठलाही प्रोव्हायडर ते सहज भरू शकतो.

गोदाकाठ

मग जीमेलचं राहिलंच. आम्हाला फरक पडतो की नाही?

रात्रपाळी

जीमेल येणारं मेल स्वतःच्या यंत्रणेने तपासतं, त्यामुळे तुमच्या इनबॉक्समध्ये येणाऱ्यावर फार परिणाम नाही. पण तुम्ही जीमेलवरून साखर कारखान्याला, नगरपालिकेला, एखाद्या कॉलेजला पाठवलंत आणि त्यांच्या सर्व्हरमध्ये मेलेली लिस्ट असेल तर परत येणारं मेल तुमचंच. असं परत आलं तर त्या बाउन्समध्ये लिस्टचं नाव शोधा आणि ज्यांना पाठवलं त्यांना फोन करून ते नाव सांगा.

आणि दक्षिणवारा, वर्गणीची कल्पना मला पटली. आमच्या मालकांशी सोमवारी बोलतो. फक्त पैसे भरून भागणार नाही, डोमेन कुणाच्या नावावर राहणार हे आधी ठरायला हवं, कारण उद्या तो माणूस नोकरी बदलला की रिन्यूअलचा मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जाणार.

दक्षिणवारा

बरोबर. व्यक्तीच्या नावावर नको, चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या लिस्टवाल्यांना डोमेन सोपवता येतं का ते विचारायला हवं, त्यांचे नेमसर्व्हर तसेही चालूच असतात आणि त्यांना याचं महत्त्व सांगावं लागत नाही. मी मसुदा लिहायला घेतो, सांगलीकर तुम्ही २००८ चा तो अनुभव त्यात दोन परिच्छेदांत लिहून द्याल का?

सांगलीकर

देतो. बाउन्सचा तो मजकूर जुन्या फाइलमध्ये प्रिंट करून ठेवलेला आहे, तोही स्कॅन करून जोडतो.